मक्याच्या दुपारी

आषाढ सरत आला की आमच्या भांडुपला स्टेशनच्या रस्त्यावर मक्याच्या हातगाड्या वाढतात. कोळशावर कणसं तडतडत असतात, पायाशी हिरव्या सालींचा ओला ढीग पडलेला असतो, आणि लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून कणसावर फिरवली की जो वास सुटतो त्याने येणारीजाणारी माणसं थबकतात. माझंही पाऊल थबकतं. पण इतरांच्या तोंडाला पाणी सुटत असेल तेव्हा माझे आधी कान गरम होतात.

यंदाही तसंच झालं. कामावरून येताना मी सोललेली कणसं घेतली आणि पिशवी ओट्यावर ठेवली. सुषमाने, म्हणजे माझ्या बायकोने, पिशवीत डोकावून पाहिलं आणि वरच्या कप्प्यातून मफिनचा ट्रे काढून माझ्यापुढे ठेवला. इतकी वर्षं झाली तरी तो ट्रे हातात घेतला की मला एक बंद खोली आठवते आणि त्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसलेला मी आठवतो.

मी तेव्हा मरोळला प्लॅस्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात जातं, थंड होतं आणि बाटल्यांची झाकणं टपटप खाली पडतात. त्यातलं एखादं उचलून उजेडाकडे धरायचं, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि माल ठीक आहे की नाही ते सांगायचं, हे माझं काम. तारुण्यात लागलो ते केस पिकेपर्यंत तेच केलं. मग मालकांच्या मुलाने कारखाना गुजरातेत हलवायचं ठरवलं. ज्यांना यायचंय त्यांनी या, असं म्हणाला. घरदार सोडून कोण जाणार, हे त्यालाही माहीत होतं. शेवटच्या दिवशी समोसे आणि केक होता. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. मी खणातला चष्मा आणि डबा पिशवीत टाकला आणि घरी आलो.

काम गेलं यात माझा दोष नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं. सुषमाने हजारदा सांगितलं. पण लाज काही दोष कुणाचा हे विचारून येत नाही. ती येते आणि अंगावर ओल्या कपड्यासारखी चिकटून बसते.

आमच्या इमारतीची दुपार मला त्याआधी माहीतच नव्हती. सुषमा शाळेत शिकवायला जायची, मुलगी ऋजुता कॉलेजला, आणि मग घर माझ्या अंगावर यायचं. वरच्या मजल्यावर कुणीतरी मसाला कुटायचं. जिन्यातून बायकांच्या गप्पा वर चढायच्या, आमच्या दारापाशी आल्या की जरा हळू व्हायच्या, निदान मला तसं वाटायचं. दाराची बेल वाजली की मी टीव्हीचा आवाज बंद करून, श्वास धरून उभा राहायचो. बाहेरचा माणूस कंटाळून निघून गेला की मग बसायचो. खाली उतरलो तर वॉचमन विचारायचा, "साब, आज छुट्टी?" मी "हां" म्हणायचो. रोज रोज कोणती सुट्टी सांगणार? मग दिवसाचं खाली जाणंच बंद केलं. एकदा ऋजुता फोनवर मैत्रिणीला सांगताना ऐकलं, "बाबा सध्या घरूनच काम करतात." आमच्याकडे तिचा एक लॅपटॉप होता, तोही तिच्याबरोबर कॉलेजला जायचा. मी घरून काय काम करत होतो देव जाणे. पण मला तिचा राग आला नाही. पोरीला माझ्यासाठी खोटं बोलावं लागतंय, एवढंच मनात आलं, आणि मी गॅलरीतून आत गेलो.

त्या दिवसांत वडील फार आठवायचे. त्यांची कापडगिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. वडील सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, चपला घालून खुर्चीवर बसायचे. घरात, चपला घालून. आई केर काढताना त्यांच्या पायांभोवतून झाडू फिरवायची पण चपला काढा म्हणायची नाही. मला ते विचित्र वाटायचं. मित्र घरी आले की मी त्यांना बाहेरूनच परत पाठवायचो. वडील असे का बसतात ते मला मरोळचा कारखाना सुटल्यावर कळलं. आत्ता निघतोच आहे, असं स्वतःला वाटावं म्हणून बसायचे ते.

मका घरात आला तो ऋजुतामुळे. लॉकडाउनच्या दिवसांत तिला केक करायचं वेड लागलं होतं, तेव्हा घेतलेला छोटा ओव्हन आणि तो ट्रे तसाच पडून होता. एका रविवारी तिने मक्याचं पिवळं पीठ आणलं. "बाबा, कॉर्नब्रेडचे मिनी मफिन करणार आहे. अमेरिकेत जेवणाबरोबर खातात," म्हणाली. मग परीक्षा जवळ आली आणि पुडी डब्यांमागे गेली. एका दुपारी काहीतरी हाताला चाळा हवा म्हणून मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं आणि ती पुडी सापडली. तिच्यापाठोपाठ ट्रे निघाला. मी तो हातात घेतला, उलटा केला, आतल्या छोट्या छोट्या वाट्यांवरून अंगठा फिरवला. साचाच होता तो. आमच्या कारखान्यातला लोखंडी, हा पत्र्याचा, एवढाच फरक. कितीतरी दिवसांनी माझ्या हाताला ओळखीचं काही लागलं होतं.

मोबाइलवर कृती शोधली. पिवळं पीठ दोन वाट्या, मैदा एक वाटी, आंबटसर दही, थोडं तेल, बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, साखर नावाला. आदल्या दिवशीच्या उकडलेल्या कणसांचे दाणे फ्रिजमध्ये होते, ते अर्धवट ठेचून घातले. हिरवी मिरची आणि कोथिंबीर मात्र माझ्या मनाची. पहिल्या घाण्याला वाट्या काठोकाठ भरल्या, तेव्हा पीठ फुगून बाहेर आलं आणि सगळे मफिन एकमेकांना चिकटून बसले. साच्यात माल जास्त गेला की झाकणांच्या कडेला असाच नको तो पापुद्रा यायचा. दुसऱ्या वेळी पीठ कमी घातलं, पण घोटलं जास्त, ते चिवट झाले. तिसऱ्या वेळी पीठ नुसतं हलक्या हाताने ओलं केलं, आणि मागच्या रांगेला आच जास्त लागते हे ध्यानात आल्यावर मधेच ट्रे फिरवला. वरून सोनेरी, कडा जराशा कुरकुरीत, आत दाणेदार आणि मऊ. एक उचलला आणि सवयीने खिडकीच्या उजेडाकडे धरला. मग एकटाच हसलो.

संध्याकाळी सुषमा आली ती खांद्यावरची पर्स न काढताच उभ्याउभ्या चार खाऊन मोकळी झाली. "छान झालेत हो," म्हणाली, आणि मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. त्या दिवसापासून ती शाळेत डबाभर न्यायला लागली. मी रोज दुपारी करायला लागलो. दुपारला आकार आला. पण सगळी खिडक्यादारं लावून. पुरुष माणूस भर दुपारी घरात पीठ कालवतोय हे कुणाला दिसायला नको होतं.

श्रावणातल्या एका शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. विंगमधल्या बायका येणार होत्या. सुषमाने दूध आणि चणे ठेवले होते, पण मीच म्हटलं, मफिन करतो. सकाळपासून दोन मोठे घाणे काढले, टोपलीत रुमाल घालून रचले. बेल वाजायची वेळ झाली तसा मी झोपायच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. सुषमाने मला जा म्हटलं नव्हतं. माझा मीच गेलो. थांबा असंही ती म्हणाली नाही.

बायका आल्या, बांगड्यांचा आवाज आला, अत्तराचा वास दाराखालून आत आला. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरच्या सावंत वहिनींचा आवाज ऐकू आला. त्या कणकवलीकडच्या, आवाज खणखणीत. "मॅडम, ह्ये काय ओ? ढोकळ्यासारखा लागता, पण ढोकळो नाय."

"कॉर्नब्रेड. मक्याचं," सुषमा म्हणाली.

"झकास झालेत. केले कोणी?"

मधे एक क्षण गेला. अगदी एवढासा. मी पलंगाच्या कडेवर सरळ बसलो.

"मीच," सुषमा म्हणाली.

"शाळा सांभाळून एवढं करता, कमाल आहे तुमची," दुसरी कुणीतरी म्हणाली. "आणि साहेब? कामावर?"

"हो."

मला त्या वेळी नेमका खोकला आला. मी उशी तोंडावर दाबून धरली. माझ्याच घरात, माझ्याच हातचं लोक खात होते आणि मी चोरासारखा उशीत खोकत होतो. बाहेर सावंत वहिनी कृती विचारत होत्या आणि सुषमा सांगत होती. "कॉर्नफ्लॉवर घ्यायचं," ती म्हणाली. मी दाराकडे बघितलं. कॉर्नफ्लॉवर म्हणजे सूप दाट करायला घालतात ती पांढरी पूड. तिचे मफिन होत नाहीत, त्याला मक्याचं पिवळं पीठ लागतं. वहिनींचा सगळा जिन्नस वाया जाणार होता, आणि बाहेर जाऊन दोन शब्द बोलायची माझ्यात हिंमत नव्हती.

बायका गेल्यावर सुषमाने दार उघडलं. हातात रिकामी टोपली. "मला एकदम सुचलंच नाही काय बोलावं," ती म्हणाली.

"बरोबर बोललीस," मी म्हटलं.

"शाळेतही सगळ्यांना तेच वाटतं. मी करते म्हणून. मी कुणाला काही सांगितलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही."

"बरोबर केलंस."

ती टोपलीतला रुमाल झटकायला गेली. आणि मला कळलं की ती 'मीच' म्हणाली तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची जेवढी लाज वाटली तेवढी काम गेल्याचीही वाटली नव्हती.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ट्रे ओव्हनमध्ये होता आणि बेल वाजली. मी नेहमीसारखा जागच्या जागी उभा राहिलो. पुन्हा वाजली. मग दाराबाहेरून आवाज आला. "भावोजी, दार उघडा. आतले करपतील."

सावंत वहिनी होत्या. मी पिठाच्या हातांनीच दार उघडलं. त्यांच्या हातातल्या ताटलीत पांढरट, चपटे, रबरासारखे गोळे होते.

"माझे बघा कसे झाले. खोडरबर म्हणून वापरा."

"सुषमा शाळेतून आली की सांगतो तिला," मी म्हटलं.

"त्यांना कशाला? ज्याने केलेत त्याला विचारायला आले मी."

त्या आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या. "आमची खिडकी तुमच्या खिडकीच्या बरोबर वर," त्या म्हणाल्या. "दुपारी वास येतो. मॅडम शाळेत, ऋजू कॉलेजात. मग काय भुताने केले?"

"आणखी कुणाला माहितीये?"

"अख्ख्या विंगला."

"कुणी काही बोललं नाही."

"तुम्हाला बोलायचं नव्हतं ना. मग आम्ही कशाला बोलायचं?"

मी ओव्हन बंद केला. काहीतरी करायला हवं म्हणून ट्रे बाहेर काढला, उगाच फिरवला, पुन्हा ठेवला. पायाखालची फरशी, भिंती, खिडकी, मी लावलेले पडदे, सगळं अनोळखी वाटत होतं. इतके दिवस मी कुणापासून लपत होतो?

वहिनींनी हातातली ताटली बाजूला ठेवली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमचे हे गेल्या वर्षी पावसाळाभर घरातच होते. कंपनीने काढलं. मी सगळ्यांना सांगितलं, गावाला गेलेत, शेती बघायला. आतल्या खोलीत बसून असायचे. बाल्कनीत वाळलेले कपडे काढायलासुद्धा येत नसत."

मला ते आठवलं. त्या पावसाळ्यात लिफ्टमध्ये भेटल्यावर मी त्यांना विचारलं होतं, गावाला पाऊस कसा आहे? आणि त्या "चांगला आहे" म्हणाल्या होत्या.

"गणपतीत हे पहिल्यांदा खाली उतरले," वहिनी सांगत होत्या. "तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, सावंत, यंदा भात कसा आला? घरी येऊन जेवले नाहीत त्या दिवशी."

मी खरोखर सहज विचारलं होतं. माझ्या डोक्यावर एक माणूस पावसाळाभर श्वास धरून बसला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता, कारण तेव्हा मी दिवसा घरात नसायचो. नोकरी असलेल्या माणसाला दुपार दिसत नाही.

"तुम्ही मुद्दाम नाही विचारलंत, ते कळतं मला," वहिनी म्हणाल्या. "पण आता तुमची खिडकी बंद दिसते रोज, तेव्हा बघवत नाही. चला वर. माझं पीठ बघा काय चुकलं ते."

मी पिवळ्या पिठाची पुडी घेतली आणि त्यांच्या मागे जिना चढलो. भर दुपारी, सगळ्या दारांसमोरून. कुणी मान वर करून पाहिलंही नाही.

सावंत घरीच होते, त्यांची नवी नोकरी दुसऱ्या पाळीची. बनियनवर पेपर वाचत बसले होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. मी वहिनींना दोन्ही पिठं शेजारी ठेवून दाखवली, पांढरी पूड बोटांत करकरते, पिवळं पीठ रव्यासारखं लागतं. मग आम्ही घाणा लावला. सावंत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"सावंत," मी म्हटलं, "ते भाताचं मी विचारलं होतं त्या वर्षी…"

"सोड रे," ते म्हणाले. "भात खरंच चांगला आला होता. भावाने फोनवर सांगितलेलं." मग म्हणाले, "पेपर वाचून झाला की मग दुपार संपत नाही, ना?"

"नाही संपत," मी म्हटलं.

त्या विषयावर आम्ही दोघं एवढंच बोललो, आजवर. मफिन झाल्यावर तिघांनी चहाबरोबर खाल्ले. सावंतांनी मिरची कमी आहे असं सांगितलं.

दिवाळीनंतर मला भिवंडीकडे काम मिळालं. कारखाना लहान आहे, जाणंयेणं लांब आहे, पण साचे आहेत आणि झाकणं आहेत. अजून तिथेच आहे. काम मिळालं की लाज जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. ती नुसती बाजूला सरकली आणि तिथेच बसून राहिली. मक्याचा वास आला की अजून मान वर करून बघते. आता मला वाटतं, ती माझ्या एकट्याची कधी नव्हतीच. वडिलांच्या चपलांत होती, सावंतांच्या आतल्या खोलीत होती, आज कुणाच्या तरी बंद खिडकीमागे असेल. आम्ही सगळे तिला एकमेकांपासून लपवत राहिलो आणि सगळ्यांच्या घरी ती तीच होती. हे कळून हलकं वाटायला हवं. थोडं वाटतंही. पण कान गरम व्हायचे ते होतातच.

सावंतांकडे मफिन केले त्या दिवशी संध्याकाळी सुषमा शाळेतून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली.

"म्हणजे मी 'मीच' म्हणाले तेव्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि त्या म्हणाल्या, शाळा सांभाळून एवढं करता."

"हो."

तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. हळदीकुंकवाला आलेली एकेक बाई ती मनातल्या मनात पुन्हा बघत असणार. मी शेजारी बसलो. त्या लाजेइतकं सारखं वाटून घेतलेलं आमच्या संसारात दुसरं काही मला आठवत नाही. ऋजुता आली, आम्हाला असं बसलेलं पाहून "काय झालं?" म्हणाली, आणि आम्ही दोघांनी एकदमच "काही नाही" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सुषमा नेहमीसारखा डबा घेऊन गेली. परत आली तेव्हा जरा उशीर झाला होता. तिने चपला काढल्या, पाय धुतले, आणि माझ्याकडे पाठ करून सिंकमध्ये डबा विसळायला लागली.

"आज स्टाफरूममध्ये सांगितलं मी," ती म्हणाली. "माझ्या मिस्टरांनी केलेत म्हणून. ते सध्या घरी असतात म्हणून."

सगळ्या शाळेत आता माहीत झालं होतं. "मग?"

"एकीने विचारलं, घरी म्हणजे? मी म्हटलं, काम गेलंय त्यांचं. दुसरं शोधतायत." नळाचं पाणी वाहत होतं. "विद्यार्थ्यांसमोर इतकी वर्षं बोलते, पण हे वाक्य निघता निघेना."

"काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. मग एकीने डबा पुढे ओढला." तिने नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि वळली. डोळे ओले होते, पण तिने ते लपवले नाहीत.

"उद्या जरा जास्त करा," ती म्हणाली. "आज माझ्या वाट्याला एकच आला."